सत्त्याण्णव टक्क्यांचा हात

मशीनच्या मोज्यातून मी हात बाहेर काढला आणि पडद्यावर नाव आलं : तेजल महादेव ऐवळे. वय तेवीस. धंदा वेल्डर. हाताची प्रत सत्त्याण्णव टक्के, अ वर्ग.

आता मी छप्पन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला बाप्या. नाव दस्तगीर शिकलगार. मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर एक आयटीआय आहे, तिथं एकतीस वर्षं वेल्डिंग शिकवलंय.

नोंदणी अधिकारी कुंभार मॅडम आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. "सर, मोजा नीट बसला नसेल. परत घाला बघू."

परत घातला. परत तेजल. मॅडमनी कपाटातून कोरा मोजा काढला, त्यालाही मी तेजलच वाटलो. मागे रांगेत सगळे मास्तर लोक उभे होते, ते हसायला लागले. टर्नरचे पाटोळे सर म्हणाले, "शिकलगार, लग्नाला बोलवा बरं का आम्हाला!" मीही हसलो. पण मशीनची काही चूक नव्हती आणि हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार वर्षांमागची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे नीट कळेल.

लोकांना वाटतं वेल्डिंग डोळ्यांनी शिकतात. साफ खोटं. ते कानांनी शिकतात. रॉडचं टोक आणि प्लेट यांच्यात तीन मिलिमीटरची फट राहिली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. फट वाढली की आवाज फाटतो, फुसफुसतो. मी वर्कशॉपच्या दारात पाठ करून उभा राहायचो आणि आत कोणाचा हात चुकतोय ते नाव घेऊन सांगायचो. पोरांना ती जादू वाटायची. मी पण जरा मिजास करायचो, खोटं कशाला बोलू.

मग मोजा आला. सरकारी नाव 'हस्तनोंद यंत्र', पण सगळे मोजाच म्हणतात. त्यामागचं शास्त्र मी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा समजून घेतलं, आणि कबूल करतो, ते खरं आहे. तुमचा माझा, कोणाचाही हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला आठ-दहा वेळा तो बारीक थरथरतो, डोळ्याला न दिसेल इतका. मेंदू ती थरथर सतत सावरत असतो आणि त्यासाठी स्नायूंना विजेचे बारीक इशारे जातात. मोज्याच्या आत चारशे टिकल्या आहेत, त्या कातडीवरून हे इशारे टिपतात. कुशल कारागिराचा हात चूक व्हायच्या आधीच सावरतो, नवशिक्याचा चूक झाल्यावर. या दोन्हींतला काही शतांश सेकंदांचा फरक म्हणजेच कौशल्य, आणि मोजा तो मोजतो. वर सावरण्याची ढब ज्याची त्याची वेगळी, हस्ताक्षरासारखी. त्यामुळे हात कितपत चांगला आहे आणि तो कोणाचा आहे, हे दोन्ही एकाच वेळी कळतं.

इथवर ठीक होतं. पुढं मात्र माणसांनी अक्कल लढवली. पूर्वी बॉयलरच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढायचे, आत कुठं बुडबुडा राहिलाय का ते बघायला. त्याला वेळ लागायचा. मग कोणीतरी विचारलं, हात मोजलेलाच आहे, तर जोड कशाला तपासायचा? झालं! पाच-सहा वर्षांत एक्स-रेच्या खोल्यांना कुलपं लागली. आमच्या आयटीआयतलं प्लेट वाकवून बघायचं यंत्र भंगारात गेलं. कारागिरानं आपला जोड केला की शेजारी आपल्या हाताचा नंबर पंचानं ठोकायचा. फोन धरला की वर्ग दिसतो. एकदा नोंदलेला हात पाच वर्षं कोणी विचारत नाही. आणि नोंद खोटी निघाली तर तो 'बाद हात', जन्मभर, सगळ्या धंद्यांत. द्राक्षाच्या पेट्या भरायलासुद्धा कोणी उभं करत नाही.

तर तेजल. तिची आई द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये. पोरगी कष्टाळू, बोलायला तिखट. सपाट प्लेट छान जोडायची, पण डोक्यावरचं वेल्डिंग आलं की ठिणग्या मानेवर पडतील म्हणून मान चोरायची आणि हात लांब जायचा. तिला आणखी सहा महिने हवे होते. बस, सहा महिने.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिच्या दोन प्लेटा बिघडल्या. मशीननं शेरा मारला, उमेदवार घाबरलेला आहे. तिसरी प्लेट राहिली होती. तीनपैकी जी उत्तम तीच नोंद राहायची, बाकीच्या दोन पुसल्या जायच्या, असा नियम होता. बाहेरून आलेले परीक्षक जेवायला गेले होते. तेजल भिंतीला टेकून रडत होती.

आता आमच्या लोकांत एक रीत आहे. लिहिलेली नाही, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा. परीक्षेत कच्च्या पोराच्या जॉबवर, म्हणजे त्यानं केलेल्या नगावर, मास्तरनं शेवटचा हात फिरवायचा. फिटरचा मास्तर कानस दोनदा मारतो, सुताराचा रंधा फिरवतो. माझ्या मास्तरांनी माझ्या जॉबवर फिरवला होता. याला आम्ही लबाडी समजत नाही, पुण्य समजतो. मी तिला म्हणालो, "सरक बाजूला. मोजा दे इकडं." मोज्याशिवाय मशीन चालूच होत नव्हतं, म्हणून तो घातला. रॉड लावला, प्लेट डोक्यावर धरून चार मिनिटांत जोड दिला. तेजलनं नाकडोळे पुसले. मी तिला म्हटलं, आईला सांग, शिकलगार मास्तर शेवटपर्यंत उभे होते म्हणून. मोजा काय लिहून घेतोय याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. हातमोजा तो हातमोजा, असं समजणारा गाढव मी. मास्तरांना तेव्हा नोंदीतून सूट होती. ती या वर्षी संपली.

कुंभार मॅडमनी रांग पांगवली आणि मला आत बसवलं. "सर, एक हात दोघांचा नसतो. आधीची नोंद खरी धरायची असा नियम आहे. म्हणजे तुम्ही तिच्या हाताची नक्कल करून मशीनला फसवायला बघितलंत, असा अर्थ निघतो. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "काय झालंय ते मला कळत नाही असं नाही. पण कागदावर एकाचाच हात राहणार. कोणाचा, ते तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी मी तेजलच्या कारखान्यात गेलो. तिथं वाफेवर स्वयंपाक करायची मोठी भांडी बनतात. शाळांची, वसतिगृहांची, दवाखान्यांची स्वयंपाकघरं आता त्यांच्यावरच चालतात. भांड्याला दोन भिंती, मधल्या पोकळीत वाफ खेळते. जोड धरून राहिला तर अन्न शिजतं, सुटला तर समोरचं माणूस शिजतं.

रखवालदारानं मला पत्र्याच्या भिंतीबाहेर बाकावर बसवलं. आत आठ-दहा जणांचं वेल्डिंग चालू होतं. मी सवयीनं कान दिला. सात-आठ हात चांगले होते. एक आवाज मधेच फाटत होता. भजी, भजी, फुस्स. भजी, फुस्स. चार वर्षांनंतरही तो मी ओळखला. तेजलचाच हात होता तो.

जेवणाच्या सुट्टीत ती धावतच आली. अंगावर अ वर्गाची निळी पट्टी. "सर! तुम्ही इथं? आधी डबा खाणार का?"

मी सगळं सांगितलं. तिनं भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला.

"मग आता माझा हात बाद होणार?"

"तुझा किंवा माझा."

"सर, आई आता शेडमध्ये जात नाही. पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. त्यांनी मला बघितलं नाही हो, पट्टी बघितली."

"तेजल, मी बाहेर बसून ऐकलं. तुझा जोड वरून सुंदर असणार. आत पोकळ्या आहेत."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग एकदम उसळली, "मला माहीत आहे! पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. कोणाला विचारू? अ वर्गाच्या बाईनं शिकवा म्हणून कोणाकडं जायचं? इथं बाकीचे मलाच विचारायला येतात. सर, तुम्ही मला पास केलंत, शिकवलं नाहीत. तेव्हा नापास केलं असतंत तर सहा महिन्यांत मी शिकले असते."

एकतीस वर्षांत कुठल्या साहेबानं माझा असा पाणउतारा केला नव्हता. आणि पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं.

"आजवर एकही भांडं परत आलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मी शिकेन आता. तुम्ही रविवारी शिकवा. पण माझं नाव घेऊ नका, सर. पाया पडते."

आणि खरंच पाया पडली, रखवालदारासमोर. मी तिला उठवलं आणि शब्द दिला. घरी येताना मला वाटत होतं, आपण फार मोठं काम करतोय. माझी दोन वर्षं राहिलीत, हिचं सगळं आयुष्य. खुलाशात लिहून दिलं, 'सदर हात माझा नाही. नोंदीत मी फसवणुकीचा प्रयत्न केला.' खाली सही ठोकली. आठ दिवसांत मी बाद झालो. पाटोळे सर सोडून कोणी निरोपाला आलं नाही. बायको, शमशाद, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खरं कोणासाठी लपवलं ते विचारत नाही. पण तुम्हाला झोप लागत नाही, एवढं दिसतं मला."

रविवारी तेजल यायची. मागच्या पडवीत भाड्याचं मशीन लावून मी तिला डोक्यावरचा जोड शिकवायचो. पाचव्या रविवारी आवाज जुळला. भजी, भजी, भजी, एकदाही न फाटता. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. मी तिला म्हटलं, "आता तू खरी सत्त्याण्णव." पण आधीची चार वर्षं तर गेलेलीच होती. ती भांडी कधीच गावोगाव पोचली होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बातमी आली. एका वसतिगृहात वाफेचं भांडं फाटलं, जोडाशेजारी ठोकलेला नंबर तेजलचा. पोरं शाळेत होती म्हणून वाचली. स्वयंपाकीण भागिरथी कोळेकर, तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. चौकशी दोन दिवसांत उरकली. जोड अ वर्गाच्या हाताचा, म्हणजे जोडात दोष असूच शकत नाही. म्हणून बाईनंच वाफ सोडायची झडप आवळून ठेवली असणार. तिला कामावरून काढलं आणि तिच्यावर गुन्हा नोंदवला.

मी तिला दवाखान्यात बघून आलो. ती सगळ्यांना एकच सांगत होती, "मी झडपीला हात लावला नव्हता ओ." नातेवाईकसुद्धा मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

दिलेला शब्द मोडून मी तडक कुंभार मॅडमकडे गेलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ओकून टाकलं. मॅडम ऐकत होत्या, त्यांचे डोळे भरले होते. पण हात कीबोर्डवर गेला नाही.

"सर, जबाबावर हाताची नोंद लागते. तुमचा हात बाद आहे. बाद हाताचा जबाब मशीन घेतच नाही."

"मग एक करा. मला एक प्लेट द्या, तिला एक द्या. दोन्ही जोड कापून बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"कुठं कापू? जिल्ह्यात जोड तपासायची सोय उरलेली नाही." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आणि ती आता परत मोजायला आली तरी उपयोग नाही. तुमच्याच ढबीनं शिकवलंत ना तिला पाच रविवार? नव्वद टक्के तरी जुळेल. मशीन म्हणेल, हात हिचाच."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं.

तेजल त्या संध्याकाळी आली. भागिरथीबाईंचं तिला कळलं होतं. रडून रडून तोंड सुजलं होतं. मी म्हणालो, "पोरी, आता फक्त तूच बोलू शकतेस." तिनं मान हलवली, नाही म्हणून. "माझ्यात तेवढं बळ नाही, सर. मला माफ करू नका, पण माझ्यात नाही." मग ओढणीच्या गाठीतून घडी केलेले चार कागद काढले. तिनं जोडलेल्या प्रत्येक भांड्याचा नंबर आणि गाव. कारखान्यातून हळूहळू उतरवून आणलेलं. एकूण दोनशे बारा.

मला तिचा राग आला, खूप आला. मग वाटलं, राग कोणत्या तोंडानं करू?

तेव्हापासून मी फिरतोय. आजोबा विळ्यांना धार लावत गावोगाव फिरायचे, तसा. पिशवीत दोन फवारे असतात. जोडावर आधी लाल रंग मारायचा, वीस मिनिटांनी पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. चीर पृष्ठभागापर्यंत आली असेल तर आत मुरलेला लाल पांढऱ्यावर उमटतो. आतल्या पोकळ्या याला दिसत नाहीत, बाहेर आलेली चीर तेवढी दिसते. पण माझ्यापाशी दुसरं काही नाही. बहुतेक ठिकाणी मला फाटकातूनच हाकलतात. काही ठिकाणी एखादी बाई आत घेते.

आज एका तालुक्याच्या गावी आलो. चौदा शाळांची खिचडी तिथं शिजते. यादीतलं हे एकेचाळिसावं भांडं. मुख्य स्वयंपाकीण इंदुबाई गेजगे, पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत गोंदण. सकाळी आठला भांडं गार होतं. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "बघा, पण लवकर आवरा."

रंग मारला. पुसला. पावडर फवारली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली, करंगळीएवढी. मग थोडी पुढं सरकली.

"हे काय ओ?"

"चीर आहे, बाई. आज वाफ सोडू नका."

"अवो, पण डाळ-तांदूळ धुऊन ठिवल्यात. बाराला गाड्या निघत्यात. चौदा शाळांची पोरं वाट बघत असत्यात."

तेवढ्यात व्यवस्थापक आले. तरुण, नीटनेटके. त्यांनी रेघ बघितली, मग शेजारच्या पंचाच्या नंबरावर फोन धरला. "अ वर्ग. सत्त्याण्णव टक्के." मग माझं ओळखपत्र मागितलं, त्याच्यावर फोन धरला आणि भुवया वर केल्या. "बाद हात. काका, तुम्हीच सांगा, मी सत्त्याण्णवचं ऐकू की बादचं?"

"सत्त्याण्णवही मीच आहे आणि बादही मीच," मी म्हणालो. "साहेब, शिक्का माझ्या हाताचा आहे. जोड माझ्या हाताचा नाही. एक दिवस फक्त चुलीवर शिजवा. पाया पडतो तुमच्या."

खाली वाकलो तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, अगदी सभ्यपणे, आणि रखवालदाराला हाक मारली. रेघ कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

मला बाहेर नेत होते तेव्हा मागून इंदुबाईचा आवाज आला. "बायांनो, तुम्ही समद्या पलीकडच्या शेडात जाऊन भाजी चिरा. हितं मी एकटी बघते." मी वळून बघितलं. ती डोक्याला पदर बांधत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मग भांड्यापाशी गेली आणि वाफेचा कॉक सोडला.

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. यादीत अजून एकशे एकाहत्तर भांडी होती, पण पाय हलेना. भिंतीपलीकडं वाफ धरायला लागली, मी कान लावला. आवाज एकसारखा होता. नऊ वाजले, साडेनऊ झाले, तरी एकसारखाच आहे. बारा वाजायला अजून खूप वेळ आहे.